प्रतिभेची किंमत कोण मोजतं?

'कलावंत माणूस, तो लहरी असायचाच!' असं आपण किती सहज म्हणून जातो, नाही? इथे पनवेलला आमच्या दुपारच्या गप्पांतही हे वाक्य हटकून येतं. पण त्या लहरीपणाचा खर्च कुणाच्या खात्यावर पडतो, हे पाहायचं तर लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' उघडावीत.

रेव्हरंड नारायण वामन टिळक म्हणजे फुलामुलांचे कवी. मन लोण्याचं, हात सढळ. हाती आलेला पैसा पहिल्या गरजूकडे जायचा. चूल कशी पेटायची ते बायकोनं पाहायचं. राग तर नाकाच्या शेंड्यावर! आणि १८९५ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तो घरी न सांगता. कडक सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या लक्ष्मीबाईंवर आभाळच कोसळलं. पदरी लहान मुलगा. पुढची काही वर्षं दोघं वेगळी राहिली.

टिळक ढोंगी नव्हते बरं का! मनाला पटलं त्यासाठी त्यांनी नातीगोती, समाज, सगळं सोडलं. व्यसनी कलावंताला नावं ठेवणं सोपं असतं. पण सज्जनाच्या ध्यासापायी घरच्यांचे हाल झाले, तर बोल कुणाला लावायचा? अवघड प्रश्न हाच आहे.

लक्ष्मीबाई नुसत्या सोसत बसल्या नाहीत. जातपात खोटी हे स्वतःच्या बुद्धीला पटलं, तेव्हाच १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लग्नानंतर लिहायला-वाचायला शिकलेल्या या बाईनं, १९१९ मध्ये टिळक गेल्यावर, त्यांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' पुरं केलं. आणि 'स्मृतिचित्रे' लिहिताना नवऱ्याला ना देव्हाऱ्यात बसवलं, ना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं. दोष हसत हसत सांगितले. प्रेमही झाकून ठेवलं नाही. म्हणजे प्रतिभा त्या घरात एकट्या टिळकांकडेच नव्हती. एक मात्र बरीच वर्षं चुलीपाशी अडकून पडली होती!

मैत्रिणींनो, आपल्याही घरात एखादा गाणारा, चित्रं काढणारा असेल. त्याचं कौतुक जरूर करा. पण 'तो कलाकार आहे' म्हणून त्याचं ताट दुसऱ्यानं उचलायचं, ही सवय नको. आणि जमलं तर स्वतःचीही एक वही उघडा. काय सांगावं, घरातली खरी प्रतिभा कदाचित तिथेच सापडेल!