जनुक तेच, वाढ वेगळी

पानाच्या पेशीत पानाची जनुके आणि मुळाच्या पेशीत मुळाची, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात वनस्पतीच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत जनुकांचा संच तोच असतो. कोणते जनुक कुठे, केव्हा आणि किती वापरायचे, हे बऱ्याच अंशी ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर (डीएनएच्या ठरावीक जागी बसून जनुकाचे वाचन वाढवणारी किंवा रोखणारी प्रथिने) ठरवतात. कालव्याचे पाणी सगळ्यांना एकच. कोणत्या चारीचे दार किती उघडायचे ते पाटकरी ठरवतो, तसेच हे.

मका हे याचे ठळक उदाहरण. त्याचा मेक्सिकोतील रानटी पूर्वज टिओसिंटे भरपूर फुटवे धरतो. मका बहुधा एकाच ताटाने वाढतो. या फरकामागचे एक प्रमुख जनुक म्हणजे टीबी-१. त्याचे प्रथिन बगलकळ्यांची (पान व खोडाच्या सांध्यातील कळ्यांची) वाढ रोखते. हे जनुक टिओसिंटेतही असते. पण मक्यात त्याच्या नियंत्रक भागात डीएनएचा एक फिरता तुकडा येऊन बसल्याने त्याचे वाचन सुमारे दुप्पट होते, हे २०११ साली दाखवले गेले.

थोडक्यात, रोपाची ठेवण बदलायला दरवेळी नवे जनुक लागते असे नाही. आहे त्याच जनुकाचे नियंत्रण बदलले तरी पुरते.