ओवी आठवते, सकाळची भाकरी नाही

सकाळी भाकरी खाल्ली की नाही, हे दुपारी सांगता न येणारी आजी पुष्कळ घरांत असते. तिच्याजवळ बसून जात्यावरची ओवी सुरू करा आणि मध्येच थांबा. पुढची ओळ तिच्या तोंडून येण्याची बरीच शक्यता आहे. तास-दोन तासांपूर्वीचं जेवण पुसलं जातं आणि साठ-सत्तर वर्षांपूर्वीचं गाणं चालीसकट शिल्लक राहतं, हे कसं?

कारण मेंदूत आठवणींची एकच कणगी नसते. 1953 साली अमेरिकेत हेन्री मोलेसन या तरुणाच्या फिट्स थांबवण्यासाठी शस्त्रक्रिया झाली आणि मेंदूच्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग काढला गेला. त्यानंतर नवी घटना त्याच्या लक्षात राहीना. ब्रेंडा मिल्नर या संशोधिकेनं त्याला आरशात पाहून चांदणी गिरवायला दिली. दर दिवशी त्याचा हात सुधारत गेला, पण हे काम आपण आधी केलंय हे त्याला एकदाही आठवलं नाही. घटना डोक्यात ठेवणारी यंत्रणा वेगळी आणि हाताला वळण लावणारी वेगळी, हे तिथे उघड झालं. अल्झायमर हा स्मृतिभ्रंशाचा सर्वांत मोठा प्रकार. त्याचा घाव आधी याच हिप्पोकॅम्पसवर आणि त्याच्या आसपास पडतो, म्हणून कालचं आधी जातं. दळण्या-कांडण्याची, निवडण्या-पाखडण्याची सवय मात्र बराच काळ टिकते.

गाण्याची गोष्ट याहून नवलाची. जर्मनीतल्या संशोधकांनी फार जुनी, ओळखीची गाणी ऐकताना मेंदूचा कोणता भाग जागा होतो ते शोधलं. मग तोच भाग अल्झायमरच्या रुग्णांत तपासला. 2015 साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा, की इतर भाग आक्रसत असताना हा भाग त्यामानानं शाबूत राहतो.

आता पुणे जिल्ह्यातल्या भोर-वेल्ह्याकडे पाहा. पिठाची गिरणी गावात येण्याआधी इथल्या बायका पहाटे जात्यावर बसत. मुलगी लहानपणापासून ऐकत आणि दळता दळता म्हणत मोठी होई. खुंट्यावर हात, अंगाला झोका, ओठांवर ओवी आणि ओवीत आई, भाऊ, लेक, पंढरीची वाट. हाताचं वळण, चाल आणि माया एकाच वेळी मुरत गेलेली अशी आठवण सहजी पुसली जात नाही. गी पॉइटव्हँ आणि हेमा राईरकर या अभ्यासकांनी याच सह्याद्रीच्या पट्ट्यातल्या बायकांकडून ओव्या टिपायला सुरुवात केली आणि महाराष्ट्रभरातून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. हा ठेवा आता ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या डिजिटल संग्रहात ऐकायला मिळतो. तो जमवला लोकपरंपरेच्या अभ्यासासाठी, पण स्मृतिभ्रंश झालेल्या आजीशी बोलायलाही तो उपयोगी पडू शकतो.

साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी म्हातारपणी सर्वांत दाट असतात, हेही संशोधकांना पुनःपुन्हा दिसलं आहे. 12 जुलै 1961 रोजी पानशेतचं धरण फुटलं, तेव्हा पंधरा वर्षांचा असलेला मुलगा आज ऐंशीच्या घरात आहे. “काल कोण आलं होतं, सांगा बरं” हा प्रश्न त्याच्यासाठी परीक्षा ठरतो. “आबा, पानशेत फुटलं तेव्हा तुम्ही कुठं होता?” असं विचारलं तर तो गप्पांना बसतो. इरलं हातात द्या, आंबेमोहराचा भात पुढ्यात ठेवा, राब कसा भाजायचा ते विचारा. म्हातारी माणसं जुनंच उगाळत बसतात, हे मन खचल्याचं लक्षण मानलं जाई. ते स्वाभाविक आणि उपयोगाचं आहे, असं रॉबर्ट बटलर या मनोविकारतज्ज्ञानं 1963 साली मांडलं. पुढे त्यातूनच आठवणी जागवण्याची उपचारपद्धत वाढली. तिनं आजार मागे फिरत नाही, पण बोलणं आणि मन काही प्रमाणात उभारी धरतं.

“मला घरी जायचंय,” असं स्मृतिभ्रंश झालेली माणसं स्वतःच्या घरात बसून म्हणतात. भाटघर, नीरा-देवघर, पानशेत, गुंजवणी या धरणांनी इथली गावं उठवली. त्यामुळे एखाद्या आजीचं ते घर खरोखरच पाण्याखाली असू शकतं. “अगं, हेच तुझं घर” असा वाद घालून ती शांत होत नाही. “घर कसं होतं गं? जातं कुठं मांडलेलं? दारात किती बैल?” असं विचारा. तिला वाट हवी असते ती तिथल्या माणसांची, आणि ती माणसं गप्पांत भेटतात.

आणखी एक नवल जपून ठेवण्यासारखं आहे. आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी 2014 साली अल्झायमरच्या रुग्णांना दुःखी आणि आनंदी चित्रफिती दाखवल्या. काय पाहिलं ते थोड्याच वेळात विसरलं गेलं, पण तो भाव मनात रेंगाळत राहिला. म्हणजे आजी तुमचं रागावणं विसरते, मनाला लागलेलं विसरत नाही. म्हणून समोर बसून, नजरेला नजर देऊन, एका वेळी एकच छोटं वाक्य बोला. उत्तराला वेळ द्या. “आठवत नाही का?” हे शब्द टाळा.

2023 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार साठीपुढच्या 7.4 टक्के भारतीयांना, म्हणजे सुमारे 88 लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. हे प्रमाण शहरांपेक्षा खेड्यांत आणि पुरुषांपेक्षा बायकांत जास्त आहे. तरी प्रत्येक विसराळूपण स्मृतिभ्रंश नसतं. थायरॉइड, बी-12 ची कमतरता, नैराश्य किंवा कमी ऐकू येणं यांमुळेही तसं दिसतं, आणि त्यावर इलाज आहे. म्हणून “वय झालं” म्हणून सोडून देऊ नका, आधी डॉक्टरांना दाखवा. ज्येष्ठांसाठी 14567 ही सरकारी हेल्पलाइन मोफत आहे. आणि घरात आजी असेल तर तिच्या ओव्या आजच मोबाइलवर टिपून ठेवा. उद्या तिच्याशी बोलायला त्याच लागतील.