धारेचं यंत्र: झिजतं काय, टिकतं काय

धार काढण्याच्या कामाला मराठीत किती शब्द आहेत! जनावर पान्हावतं, पान्हा चोरतं, आटतं, भाकड होतं. धार चिमटीनं काढतात, अंगठ्यानं काढतात, मुठीनं काढतात. त्यातली अंगठा दुमडून काढलेली धार सडाला दुखावते, हे गवळ्याच्या घरात पोराला आधी शिकवलं जातं. यंत्र आलं आणि हे सगळं शब्दभांडार बाजूला पडलं. आता आमच्याकडे विचारतात, "मशीन लावलं का?" बस्स. लावलं की झालं. या 'लावण्या'तच एक गैरसमज दडलेला आहे: मशीन दूध ओढून काढतं, पंप विहिरीतलं पाणी ओढतो तसं. गेली अठरा वर्षं दूध काढणीच्या यंत्रांची जोडणी आणि दुरुस्ती हा माझा व्यवसाय आहे आणि या एका गैरसमजापायी जेवढ्या कासा बिघडलेल्या मी पाहिल्या, तेवढ्या नुसत्या रोगानं बिघडलेल्या पाहिल्या नाहीत.

मी टेंभुर्णीत राहतो. पुणे–सोलापूर रस्त्यावरचं हे गाव. एका अंगाला इंदापूर, दुसऱ्या अंगाला करमाळा, खाली पंढरपूर. १९८० साली उजनी धरण पुरं झालं, पाण्यामागं ऊस आला, उसामागं कारखाने, आणि उसाच्या वाढ्यामागं होल्स्टीनच्या संकरित गाई. उरुळी कांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये उभारलेल्या बाएफच्या संकरीकरणाचा त्यात मोठा वाटा आहे. (वाढं फुकट मिळतं म्हणून नुसतं तेच घालू नये, त्यातलं ऑक्झॅलेट जनावराच्या अंगचं कॅल्शियम अडवतं. पण तो वेगळा विषय.) दोन-चार गाईंचे गोठे वीस-चाळीसांचे झाले, काही दोनशेंवर गेले. हातानं धार काढणारा माणूस एका वेळेला आठ-दहा गाई उरकतो, मग त्याची बोटं बोलायला लागतात. तेव्हा यंत्र हौसेनं आलेलं नाही, माणूस मिळेना म्हणून आलं.

आता ते करतं काय ते पाहू. सडाच्या टोकाला एक छोटा स्नायूचा वेढा असतो, तो दूध अडवून धरतो. वासरू तोंडात पोकळी निर्माण करतं आणि जिभेनं सड दाबतंही. दोन्ही क्रिया आळीपाळीनं. एकोणिसाव्या शतकातल्या पहिल्या यंत्रांनी यातली पहिलीच क्रिया उचलली. १८६० मध्ये अमेरिकेत कॉल्विननं हातपंपावर चालणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं, १८८९ मध्ये स्कॉटलंडच्या मर्चलंडनं टांगतं यंत्र केलं. दोन्हींत ओढ अखंड होती. अखंड ओढ लागली की सडाच्या टोकाला रक्त साकळतं, सड सुजतो, गाय लाथ मारते. १८९५ मध्ये ग्लासगोच्या शील्ड्सनं थांबून-थांबून ओढणारा पल्सेटर आणला आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत ऑस्ट्रेलियातल्या गिलीसनं दुहेरी पेला केला. बाहेर कडक कवच, आत मऊ रबरी नळी, म्हणजे आपला 'लायनर'. दोहोंच्या मधल्या पोकळीत एकदा हवा सोडायची, एकदा काढायची. हवा काढली की लायनर उघडतो, दूध येतं. हवा सोडली की लायनर सडाभोवती मिटतो आणि त्याला चोळतो. मिनिटाला साधारण साठ वेळा, साठ टक्के उघडा आणि चाळीस टक्के मिटलेला. गाईच्या सडाशी व्हॅक्यूम ४० किलोपास्कलच्या आसपास. आज हॉलंडमधला यंत्रमानव (तिथे १९९२ पासून ते गोठ्यात आहेत) घ्या किंवा आमच्याकडची एका बादलीची ट्रॉली घ्या, सडापाशी घडतं ते हेच.

म्हणजे या सगळ्या पोलादात जनावराला शिवणारी एकच वस्तू आहे: रबर. आणि टिकाऊपणाचा सगळा प्रश्न तिथं येऊन ठेपतो. गिऱ्हाईक मला विचारतं पंपाबद्दल, मोटारीबद्दल, स्टीलच्या ग्रेडबद्दल. ३०४ ग्रेडचं स्टील नीट वापरलं तर मालकाच्या पोराच्या हयातीत टिकेल. नेहमीच्या रबरी लायनरचं आयुष्य मात्र अडीच हजार दोहनांचं. त्यानंतर तो फाटत नाही, दिसायला तसाच राहतो. म्हणून तर घोटाळा. त्याचा ताण गेलेला असतो, दुधातली चरबी पिऊन तो फुगलेला असतो, आत डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा पडून त्यात जंतू बसलेले असतात. सैल लायनर मिटताना सडाला पुरतं चोळत नाही. मध्येच घसरतो, 'चीं' असा आवाज येतो, हवा आत घुसते आणि दुधाचे थेंब उलटे दुसऱ्या सडाच्या उघड्या तोंडावर आपटतात. एका सडातला रोग दुसऱ्यात जातो तो असा. आमच्याकडे म्हणतात, "दगडी झाली." पुस्तकात कासदाह.

अडीच हजाराचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. घरी पाच गाई आणि एक युनिट असेल, तर दिवसाला दहा दोहनं. अडीचशे दिवस जातील, पण रबर सहा महिन्यांत आपसूक म्हातारं होतं, म्हणून त्याआधीच बदलायचा. एका युनिटवर वीस गाई असतील तर दिवसाला चाळीस, म्हणजे बासष्ट दिवस. आणि मंचरच्या भाग्यलक्ष्मी गोठ्यासारखी एका वेळी पन्नास गाईंची फिरती चकती घेतली, त्यावर समजा अठराशे गाई दिवसातून तीनदा चढवल्या, तर प्रत्येक जागी दिवसाला १०८ दोहनं: तेवीस दिवसांत संच बदलायचा. ही फिरती चकती अमेरिकेत न्यू जर्सीच्या वॉकर-गॉर्डन डेअरीत १९३० मध्ये प्रथम आली, १९३९ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात लोकांनी ती जत्रेतल्या पाळण्यासारखी पाहिली. न्यूझीलंडच्या रॉन शार्पनं १९५२ मध्ये तिरप्या ओळीत गाई उभ्या करायची 'हेरिंगबोन' पद्धत काढली. आमच्या भागातल्या मोठ्या गोठ्यांना तीच परवडते. गोठा जेवढा मोठा, तेवढं रबर लवकर मरतं. मोठ्या गोठ्यात हे वेळापत्रकात लिहिलेलं असतं. चाळीस गाईंच्या गोठ्यात ते कुणाच्याच डोक्यात नसतं आणि कर्ज मात्र मोठ्या गोठ्यासारखंच असतं.

सिलिकॉनचे लायनर जास्त टिकतात, पण महाग आणि नाजूक. उंदरानं एकदा दात लावला की संपलं. दुधाचा वास असलेली नळी उंदराला किती आवडते, हे परदेशी माहितीपुस्तिकेत लिहिलेलं नसतं. त्यात धूळही नसते. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या गोठ्यावरून जातात, ती धूळ पल्सेटरच्या हवेच्या छिद्रात बसते, आणि साठाचे ठोके पंचेचाळीसवर येतात. कुणी कान देऊन ऐकत नाही. मी ऐकतो, माझं निदान निम्मं कानानंच होतं.

पाण्याचंही तसंच. बोअरचं पाणी जड. यंत्र धुताना आधी कोमट पाणी, मग गरम पाण्यात अल्कली, त्यानं चरबी आणि प्रथिनं निघतात. पण पाण्यातला नि दुधातला चुना अल्कलीनं निघत नाही, त्याला आम्ल लागतं. आठवड्यातून दोनदा तरी आम्ल न फिरवलेल्या नळीत पिवळट-पांढरा थर धरतो, त्याला दूधखडा म्हणावं. त्यावर जंतूंची वस्ती होते आणि गोठ्यात स्वच्छ निघालेलं दूध संकलन केंद्रावर फाटतं. पाणी सुरुवातीला सत्तरच्या वर गरम हवं आणि बाहेर पडताना चाळिसाच्या खाली जाता कामा नये, नाहीतर निघालेली चरबी पुन्हा नळीला चिकटते. आणि वीज. शेतीची थ्री फेज कधी दिवसा, कधी रात्री; गाईची धार मात्र पहाटे पाच आणि संध्याकाळी पाच. जनरेटर नसलेल्या गोठ्यानं मशीनच्या भानगडीत पडू नये, असं मी तोंडावर सांगतो, विक्री गेली तरी.

२०१८ च्या जुलैत दुधाच्या दरासाठी रस्त्यावर दूध ओतलं गेलं, पुढं गाईच्या दुधाला लिटरमागं पाच रुपये अनुदान आलं, २०२४ मध्ये पुन्हा आलं. दराची चर्चा व्हायलाच हवी. पण दगडी झालेल्या एका गाईचं दूध प्रतिजैविक दिल्यावर ठरावीक दिवस ओतून द्यावं लागतं, आणि तो सड पूर्वीइतकं दूध पुन्हा देईलच असं नाही. त्या तोट्याला कुणी अनुदान मागत नाही.

इथं देखरेखीची यंत्रं कामाला येतात. कास सुजायच्या आधी दुधात सोडियम आणि क्लोराइड वाढतं, दुधातून वीज अधिक सहज वाहते. दूधमापकात बसवलेला साधा वाहकतामापक हे एक-दोन दिवस आधी हेरू शकतो. इस्रायलच्या अफिकीम किब्बुट्झनं सत्तरच्या दशकाच्या शेवटी इलेक्ट्रॉनिक दूधमापक बनवला, मग गाईच्या पायाला पाऊलमोजणी आली. माजावर आलेली गाय नेहमीपेक्षा फार चालते. माज बारा-अठरा तासांचा, बहुधा रात्रीचा. चुकला की एकवीस दिवस गेले, तेवढ्या दिवसांची वैरण अंगावर. भिलवडीच्या चितळ्यांनी, ज्यांची डेअरी १९३९ पासूनची, जनावरांच्या कानात आरएफआयडीचे बिल्ले घालून शेतकऱ्याच्या मोबाइलवर संदेश पाठवायला सुरुवात केली, तेव्हा आमच्याकडे लोक हसले होते. आता प्रत्येक कानात बारा आकडी पिवळा बिल्ला आहे. बेंगळुरूच्या स्टेलॅप्ससारख्या, २०११ मध्ये सुरू झालेल्या कंपन्या गाईच्या हालचालीपासून संकलनापर्यंतची नोंद एका धाग्यात ओवतात.

तरी मला एक दिसतं. गळपट्टा टिकतो, बॅटरी टिकते. इशारा वाचणारा माणूस टिकत नाही. पहाटे दोनला मोबाइल वाजतो, तो मालकाच्या उशाशी पुण्यात. गोठ्यातल्या गड्याकडे ते अ‍ॅपच नसतं, आणि असलं तरी त्याची भाषा इंग्रजी. रवंथ मोजणारे पट्टे धडधाकट गाईला दिवसाला सात-आठ तास रवंथ करताना पाहायला शिकलेले आहेत. मे महिन्यात सोलापूरचा पारा बेचाळीसवर गेला की सगळ्याच गाईंचा रवंथ घसरतो आणि यंत्र सबंध कळप आजारी असल्याचं सांगतं. मालक वैतागून इशारे बंद करतो. खरं तर यंत्राचं चुकत नसतं. त्या गाई आजारीच असतात, धापा टाकत असतात. त्यांना पंखे आणि फवारे हवे असतात. अशा गोठ्यात मी पट्ट्यांच्या आधी छपराची उंची मोजतो.

म्हशीपाशी मात्र हे सगळं शास्त्र अडखळतं. गाईच्या कासेत धार सुरू व्हायच्या आधीच दुधाचा पाचवा हिस्सा खालच्या पोकळीत उतरलेला असतो. म्हशीच्या जेमतेम पाच टक्के. बाकी सगळं वर, पान्ह्याची वाट पाहत. पान्हा यायच्या आत मशीन चढवलं तर ते रिकाम्या सडाला ओढत बसतं. म्हशीच्या सडाचा वेढा घट्ट, म्हणून व्हॅक्यूम थोडा जास्त द्यावा लागतो, आणि रिकाम्या सडावर तोच जास्त घातक ठरतो. यावर लोकांनी काढलेला तोडगा म्हणजे ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन, जे बेकायदा आहे आणि म्हशीला त्याची सवय लागते. त्यापेक्षा दोन मिनिटं कास कोमट पाण्यानं धुऊन चोळावी. यंत्र घेतलं म्हणून ही दोन मिनिटं वाचत नाहीत.

त्यात आमची पंढरपुरी. कोल्हापुरात कट्ट्यावर गिऱ्हाइकासमोर उभी राहून दिवसातून अनेकदा थोडी-थोडी धार देणारी ही जात, पान्ह्याच्या बाबतीत इतकी समजूतदार की यंत्राला तिच्याइतकी सोयीची म्हैस नसावी. पण तिची शिंगं तलवारीसारखी खांद्याच्या मागं जातात, काहींची पार ढुंगणापर्यंत. परदेशी मापाच्या हेरिंगबोन चौकटीत ती मान वळवते आणि शिंग शेजारणीच्या बरगडीत जातं, नाहीतर दुधाच्या नळीत अडकतं. दोन म्हशींमधलं अंतर वाढवलं तर खड्ड्यात उभ्या माणसाचा हात पुढच्या कासेपर्यंत पोचत नाही. पंढरपूरजवळच्या एका गोठ्यात आम्ही आडव्या नळ्या काढून म्हशी एकामागे एक, शेपटीला तोंड अशा उभ्या केल्या, बाजूनं मशीन लावलं. जागा दीडपट लागली. दूध मात्र हातानं काढत होते तेवढंच निघालं, आणि लाथ एकीनंही मारली नाही.