चोपन्न ओळींची वही

नववी-दहावीच्या मुलांना पाठ्यपुस्तकापलीकडचे गणित शिकवावे असे म्हटले, की आमच्या बेटेगावात पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, “बोर्डात याला गुण किती?” प्रश्न गैर नाही. तारापूरच्या कारखान्यांत पाळीने राबणाऱ्या पित्याला मुलाचा प्रत्येक तास मोलाचा वाटणारच.

राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमात नववीला संच आहेत. दहावीला वर्गसमीकरणे, अंकगणिती श्रेढी व संभाव्यता. मांडणी आणि निवड यांची मोजणी, म्हणजे क्रमचय-संचय, अकरावीपर्यंत थांबते. तोवर मराठी माध्यमातील मुलाची शिक्षणाची भाषा बदललेली असते आणि क्लासमध्ये सूत्रांचे पान हाती येते. कल्पना नवी, भाषा नवी, वेळ अपुरा. याउलट मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राशी निगडित गणित ऑलिंपियाडचा भर बीजगणित, संख्या सिद्धांत, भूमिती आणि हीच मोजणी यांवर असतो. कलनाची गरजही पडत नाही. ही ओळख नववीतच, घरच्या भाषेत व्हावी, असे माझे ठाम मत आहे.

आपल्याला तर ती परकी नाहीच. नवव्या शतकात, राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळात, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रहा’त निवडीचा सर्वसाधारण नियम दिला आणि उदाहरण घेतले ते सहा रसांचे. तुरट, कडू, आंबट, तिखट, खारट, गोड यांतून तीन निवडायचे, तर वर ६×५×४, खाली १×२×३, उत्तर २०. एकापासून सहापर्यंतच्या सर्व निवडींची बेरीज ६३ येते. आता दुसरी वाट पाहा. प्रत्येक रस घ्यायचा किंवा वगळायचा, म्हणून सहा वेळा दोनाचा गुणाकार, ६४. काहीच न घेण्याची एक निवड वजा केली की पुन्हा ६३. स्वयंपाकघरात हे समजलेले मूल सूत्र विसरत नाही.

बीजगणिताची जोड मिळाली की ही मोजणी कुठवर जाते, याचा दाखला आमच्याच जिल्ह्यातला आहे. देवळालीच्या शाळेत शिकवणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १९०५ साली डहाणूला जन्मले. चार अंकी संख्या घ्यावी, सर्व अंक सारखे नसावेत. अंक उतरत्या क्रमाने लावून त्यातून चढता क्रम वजा करावा. ३५२४ घेतल्यास ३०८७, मग ८३५२, मग ६१७४. आणि तेथून पुढे ६१७४ च.

नेहमी असेच का घडावे? उतरते अंक अ, ब, क, ड मानले, तर वजाबाकी होते ९९९(अ−ड) + ९०(ब−क). म्हणजे उत्तर केवळ दोन फरकांवर ठरते. पहिला फरक १ ते ९. दुसरा शून्यापासून पहिल्याइतका. जोड्या २+३+…+१०, एकूण ५४. ही बेरीज दहावीचीच श्रेढी! हजारो संख्यांचा प्रश्न वहीच्या दोन पानांत मावला.

माझ्याकडे येणाऱ्या दहावीतील एका मुलीने त्या चोपन्न ओळी तीन संध्याकाळी लिहून काढल्या. सातव्या वजाबाकीपर्यंत प्रत्येक वाट ६१७४ ला पोहोचली होती. गुणांची चौकशी करणारे तिचे वडील वही पाहत म्हणाले, “पण एखादी संख्या सुटली असेल तर?”

“सुटेल कशी, पप्पा? पंचावन्नावी जोडीच नाही.”

बँकेत आम्ही व्हाउचरांच्या गठ्ठ्यातील निवडक तपासून त्यावर विसंबत असू. येथे न तपासलेले काहीच उरत नाही, आणि ही खातरी पंधरा वर्षांच्या मुलीने कोणाच्याही शब्दावर न विसंबता मिळवली होती. वडिलांनी मग गुणांचा विषय काढला नाही. पुढच्या रविवारी तिच्या धाकट्या भावालाही पाठवले.

त्याने तीन अंकी संख्या घेतल्या आहेत. तेथे वजाबाकी ९९(अ−क) एवढीच उरते, म्हणून ओळी अवघ्या नऊ. सगळ्या कोणत्या संख्येपाशी थांबतात, हे मोठ्यांनी सांगायचे नाही, अशी त्याची अट आहे. वाचकांच्या घरीही ती पाळली जावी.