केवळ वैमानिकाची चूक?

लहान विमान कोसळले की लोकांच्या तोंडी दोन कारणे तयारच असतात : खराब हवा आणि वैमानिकाची चूक. २८ जून २०१८ रोजी ऐन पावसाळ्यात जुहूहून उडालेले छोटे विमान घाटकोपरच्या दाट वस्तीत कोसळले आणि एका पादचाऱ्यासह पाच माणसे प्राणास मुकली. अशा प्रसंगी चौकशीने कोठवर जावयास हवे, याचा उत्तम धडा एका जुन्या अमेरिकन अहवालात मिळतो.

३ फेब्रुवारी १९५९ रोजी, मध्यरात्र उलटून गेल्यावर, आयोवा राज्यातील मेसन सिटीहून एक बीचक्राफ्ट बोनान्झा विमान फार्गोकडे निघाले. बडी हॉली, रिची व्हॅलेन्स आणि ‘बिग बॉपर’ रिचर्डसन हे तीन लोकप्रिय गायक त्यांत होते. हिवाळी दौऱ्यातील बसचे हीटर वरचेवर बंद पडत. त्या थंडीस कंटाळून त्यांनी हे विमान भाड्याने घेतले. काही मिनिटांतच ते एका शेतात आदळले आणि २१ वर्षांच्या वैमानिकासह चौघेही ठार झाले. एंजिनात बिघाड झाल्याचा कोणताही पुरावा आढळला नाही.

मग घडले काय? काळोखात व बर्फवृष्टीत क्षितिज दिसेनासे झाले म्हणजे मनुष्याचा अंतःकर्ण त्यास सर्रास फसवितो. विमान संथपणे वळत राहिले तर थोड्याच वेळात ते सरळच जात आहे असे वाटू लागते. इलिनॉय विद्यापीठाने १९५४ साली याच जातीच्या विमानात प्रयोग केला. उपकरणांवर उडण्याचा अनुभव नसलेल्या २० जणांना बाहेरचे काही दिसू दिले नाही. सर्वांचाच ताबा सुटला, आणि तोही सरासरी १७८ सेकंदांत! अशा वेळी वैमानिकास आधार केवळ उपकरणांचा. पण या तरुणास उपकरणांवर उडण्याचा परवाना नव्हता; त्या परीक्षेत तो १९५८ साली नापास झाला होता. शिवाय विमानाचे नाक वर आहे की खाली हे दाखविणारे या विमानातील उपकरण त्याच्या सवयीच्या उपकरणाच्या अगदी उलट चाले. खाली जात असता आपण वर चढत आहोत, अशी त्याची समजूत होणे सहज शक्य होते.

सप्टेंबर १९५९ मध्ये मुलकी विमानवाहतूक मंडळाने त्याचा निर्णय अविचारी ठरविला, आणि तो तसा होताच. परंतु मंडळ तेथेच थांबले नाही, हे आम्हांस विशेष महत्त्वाचे वाटते. हवामानाची माहिती देण्यात गंभीर त्रुटी राहिल्या, असेही त्याने स्पष्ट नमूद केले. त्या तरुणाने हवामानाची चौकशी एकदा नव्हे, अनेकदा केली होती. असे असता सारा दोष मृताच्या माथी मारणे सोयीचे असेल. न्यायाचे खास नव्हे. मृतास जबानी देता येत नाही, हे तर उघडच आहे. माहिती कोणाजवळ होती, ती कोणी दिली नाही आणि अपुऱ्या तयारीच्या माणसास रात्री विमान कोणी सोपविले, हे प्रश्न जिवंतांनाच विचारावे लागतात.

विमानाचे अवशेष सकाळी साडेनऊच्या सुमारास सापडले. वाटेतील बिघडत्या हवेविषयीच्या दोन तातडीच्या सूचना मात्र उड्डाणापूर्वीच प्रसृत झालेल्या होत्या. त्यांपैकी एकही वैमानिकास सांगण्यात आली नव्हती.