दहा दिव्यांचं घड्याळ

घरातली मुलगी आठवी-नववीत असेल आणि विज्ञान प्रदर्शनात काय मांडायचं हा प्रश्न पडला असेल, तर बाजारातून तयार मॉडेल आणू नका. आम्ही सुचवतो ते बायनरी घड्याळ. त्याला ना काटे, ना आकडे. फक्त दहा छोटे एलईडी दिवे.

वेळ वाचायची कशी? किराणा दुकानातली तागडी आठवा. १, २, ४, ८, १६ आणि ३२ अशी सहा वजनं असली, की १ पासून ६३ पर्यंत कुठलंही माप करता येतं. मिनिटांचे सहा दिवे म्हणजे हीच वजनं. तासांना १, २, ४, ८ असे चार दिवे पुरतात. पेटलेल्या दिव्यांची बेरीज म्हणजे वेळ. तासांच्या ओळीत ४, २, १ आणि मिनिटांच्या ओळीत ३२, १६, २ पेटलेत? मग सात वाजून पन्नास मिनिटं झाली. पेटलेला दिवा १, विझलेला ०. मोबाइलचा सारा हिशेबही याच दोन अंकांत चालतो.

सामान थोडकंच लागतं: आर्डुइनो ऊनो बोर्ड, डीएस३२३१ हे वेळ राखणारं मॉड्यूल, दहा लाल एलईडी, ३३० ओहमचे दहा रेझिस्टर, ब्रेडबोर्ड आणि तारा. तासांचे दिवे २ ते ५ या पिनांना, मिनिटांचे ६ ते ११ या पिनांना जोडा. एलईडीचा लांब पाय पिनेकडे, आखूड पाय रेझिस्टरमधून ग्राउंडला. पीन ५ व्होल्ट देते, लाल एलईडी साधारण २ व्होल्ट घेतो. उरलेले ३ व्होल्ट रेझिस्टर पेलतो, म्हणून प्रवाह ९ मिलीअँपिअरच्या आसपास राहतो. पाठ केलेला ओहमचा नियम इथे हाताखालून जातो.

मॉड्यूलच्या दोन तारा ए४ आणि ए५ या पिनांना, उरलेल्या दोन ५ व्होल्ट आणि ग्राउंडला. त्यातल्या छोट्या गोल सेलमुळे वीज गेली तरी वेळ चुकत नाही. प्रोग्रामचं काम सोपं आहे: मॉड्यूलकडून वेळ घ्यायची, आकड्याला पुन्हापुन्हा २ ने भागायचं आणि बाकी १ आली तर तो दिवा पेटवायचा.

आता वालिदैनशी थोडं मोकळेपणाने. मुलगा तारा जोडत बसला, तर घरात कौतुक होतं. मुलीने तेच केलं, की अम्मीच म्हणते, "राहू दे बेटा, भाईजान करेल." दहावीनंतर विज्ञान घ्यायचं की नाही, हे अर्ज भरायच्या दिवशी ठरत नाही, अशाच एकेका वाक्याने ठरत जातं. विजेची भीती असेल, तर हे घड्याळ मोबाइलच्या चार्जरवर, ५ व्होल्टवर चालतं. ब्रेडबोर्डमुळे डाग द्यायची गरजही नाही. पहिली तार मुलीलाच जोडू द्या. दिवा पेटला नाही, तर का पेटला नाही हेही तिलाच शोधू द्या. भाईजानने शेजारी बसून बघावं.

घड्याळ चालू झालं, की मुलांना एक कोडं घाला: हे दहाही दिवे एकाच वेळी कधी पेटतील? उत्तर आहे, कधीच नाही. का, ते मुलांनाच सांगू द्या.