बधिर पायांतली आग

कमरेखाली टाचणी टोचली तरी कळत नाही आणि तेच पाय रात्रभर भाजत राहतात. मज्जारज्जूला इजा झालेल्या साधारण निम्म्या रुग्णांच्या वाट्याला अशी चेतावेदना, म्हणजे चेतासंस्थेच्या इजेतून उठणारी वेदना, येते. घरचे विचारतात, 'तिथे काही जाणवतच नाही, मग दुखतंय कसं?' ही वेदना मनाचा खेळ मुळीच नाही. खालून येणारे संदेश तुटले की मेंदूच्या आतल्या थॅलॅमसमधल्या आणि मेंदूच्या पृष्ठभागावरच्या पेशी गप्प बसत नाहीत, कारण नसतानाही संदेश धाडत राहतात. गॅबापेंटिन, प्रीगॅबलिन अशा गोळ्यांनी अनेकांना पुरता आराम पडत नाही.

१९९१ साली जपानमध्ये ताकाशी त्सुबोकावा यांनी मेंदूतूनच उठणाऱ्या वेदनेवर उपाय म्हणून कवटीच्या आत इलेक्ट्रोड बसवले. ते बसवले स्पर्श जाणणाऱ्या भागावर नव्हे, तर हालचाल घडवणाऱ्या भागावर, आणि तिथेच गुण आला. पुढे कवटी न उघडता हे साधू लागलं. २००६ मध्ये फेलिपे फ्रेग्नी आणि सहकाऱ्यांनी मज्जारज्जूच्या १७ रुग्णांवर चाचणी केली. मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज, एक डोक्यावर टाळूलगत, दुसरा कपाळावर. २ मिलीअँपिअर विजेचा प्रवाह, रोज २० मिनिटं, पाच दिवस. तुलनेसाठी काहींचं यंत्र अर्ध्या मिनिटात गुपचूप बंद केलं जाई. खरा प्रवाह मिळालेल्यांचं दुखणं जास्त उतरलं.

मला सगळ्यात विलक्षण वाटतो तो बार्सिलोनाशेजारच्या बादालोना इथल्या गुटमान संस्थेतला प्रयोग. २०१० मध्ये तिथे ३९ रुग्ण सहभागी झाले. रुग्ण व्हीलचेअरवर बसायचा. समोरच्या आरशात त्याला स्वतःचं धड दिसे आणि त्याखालच्या पडद्यावर चालणारे पाय. दोन्ही असे जुळवलेले, की आपणच चालतोय असं वाटावं. त्याच वेळी डोक्याला प्रवाह सुरू. नुसता प्रवाह किंवा नुसतं दृश्य यांपेक्षा दोन्ही मिळून जास्त आराम पडला आणि १२ आठवड्यांनंतर एकूण वेदनेतली घट फक्त याच गटात टिकून होती.

मात्र २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका चाचणीत नुसत्या प्रवाहाने दहा रुग्णांना काहीच फरक पडला नाही. त्यांचं दुखणं वर्षानुवर्षांचं, मुरलेलं होतं. असे अभ्यास अजून लहान आहेत, त्यामुळे ऑनलाइन मिळणारं यंत्र मागवून घरी डोक्याला लावण्याचं धाडस कुणी करू नये. पण दुखणं मुरण्याआधीच, इजेनंतरच्या पहिल्या काही महिन्यांत, हा उपचार करून पाहणाऱ्या मोठ्या चाचण्या व्हायलाच हव्यात. आणि तोवर वॉर्डात लघवी, बेडसोर, व्यायाम यांची चौकशी होते तेव्हा 'बधिर भागात दुखतं का?' हेही विचारलं जावं.